फुलेऱ्याचं पान

बसा असे, कूलरच्या पुढ्यात बसा म्हणजे वारा लागेल. जनार्दनची गोष्ट सांगतो तुम्हाला. हिच्यात भूतखेत नाही, दरोडा नाही, कुणी मरतसुद्धा नाही. पण भरदिवसा, स्वतःच्या घरात, खुर्चीत बसल्या बसल्या माणूस किती घाबरू शकतो, ते ही गोष्ट ऐकलीत की कळेल. मधेच उठू नका फक्त. एकदा धागा सुटला की मला परत सापडत नाही.

साल दोन हजार नऊ, मे महिना. जयपूरच्या मानसरोवरात तळमजल्याची दोन खोल्यांची जागा. बाहेर ऊन असं की स्कूटरच्या सीटवर भाकरी भाजावी. सकाळचे अकरा वाजलेले. रणजीत नावाचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस खुर्चीत बसलेला, आणि त्याच्या मागे जनार्दन उभा. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता, चालू व्हायला अर्धा तास घ्यायचा. रणजीतनं सगळं पुसून नव्यानं बसवलं आणि हात झटकले. "लो अंकलजी, एकदम नया कर दिया. फोटो-वोटो सब वैसे के वैसे." जनार्दन म्हणाला, "वो किताब खोलके दिखा." रणजीतनं पुस्तकाच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. एरवी एक निळा पडदा यायचा आणि त्याच्यामागून त्याच्या बायकोचं, प्रभावतीचं अक्षर, मोठं, टपोरं, उजवीकडे कललेलं. त्या दिवशी आली एक राखाडी चौकट. रणजीतनं इंग्रजी वाचलं, मान वाकडी केली, परत वाचलं. "बोल रहा है, इस मशीन को परमिशन नहीं है. कंपनी से पूछो." मग इंटरनेटवर कंपनीच्या पत्त्यावर गेला, तर तिथं नुसतं पांढरं पान. "कंपनी तो है ही नहीं अंकलजी. फाइल है, पूरी दो सौ चौदह पन्ने की है, सुरक्षित है. बस खुलती नहीं." आणि नेमक्या त्या क्षणाला जनार्दनच्या मनात एक शब्द उठला. त्यानं बोलावला नव्हता. तो शब्द असा : बरं झालं.

बरं झालं! असं कसं उठलं मनात? त्यानं दचकून मागे पाहिलं. पडद्याच्या पलीकडे, आतल्या खोलीत प्रभावती खाटेवर बसलेली, उजवा हात मांडीवर ठेवलेला, म्हणजे तिनंच डाव्या हातानं उचलून ठेवलेला, आणि ती इकडेच बघत होती. तिला ऐकू गेलं असेल असं त्याला वाटलं. मनातलं कुठं ऐकू जातं? पण ज्या माणसाशी चार वर्षं तुम्ही शब्दांवाचून राहिलात, त्याला काय ऐकू जातं आणि काय नाही, कोण सांगणार? रणजीतला त्यानं पाणी विचारलं आणि स्वतःच पिऊन टाकलं.

प्रभावतीला झटका आला दोन हजार पाचात. उजवी बाजू गेली, ती थोडीफार परत आली. गेली ती वाचा. समजायचं सगळं, हसायची, रागवायची, पण तोंडातून निघायचं एकच, "हो ना." भूक लागली तरी हो ना, नळ वाहतोय तरी हो ना, पुण्याहून लेकाचा फोन आला की डोळ्यांत पाणी आणून हो ना, हो ना. बोलायला शिकवणाऱ्या जयंती मॅडम होत्या, त्यांनी सांगितलं, "काका, हिला हिच्याच ओळखीचं काही वाचून दाखवा. रोज. शब्द मेलेले नसतात, वाट विसरलेले असतात. आणि खाडा करू नका, आलेलेही परत जातात." ओळखीचं म्हणजे काय? तर प्रभावतीची वही. वही कसली, रेल्वेचं जाडजूड रजिस्टर. त्यात तिनं वीस-बावीस वर्षं स्वतःचं सगळं लिहिलं होतं. रावेरचं माहेर, केळीच्या बागा, बुऱ्हाणपूरची मावशी जिच्याकडे राहून ती मॅट्रिक झाली, लग्न, खांडव्याचं क्वार्टर, रतलाम. जनार्दन स्वतः सातवी नापास. रेल्वेत सिग्नल फिटर होता, हात तेलाचे. बोट ठेवून वाचायचा. एक पान पंधरा दिवस. रोज संध्याकाळी सहा वाजता तिची खुर्ची कॉम्प्युटरजवळ आणायची, अक्षर मोठं करायचं, आणि वाचायचं. पंधरा दिवसांनी तिचे ओठ त्याच्याबरोबर हलायला लागायचे. मग एखाद्या दिवशी तो मुद्दाम एका शब्दापाशी थांबायचा, आणि ती तो शब्द टाकायची. अठराव्या पानावर 'रहाट' आला. पंचविसाव्यावर 'मावशी'. चाळिसाव्यावर अख्खं 'पाणी तापलं का', तेव्हा तर तो उठून खरंच पाणी तापवायला गेला होता. तीन वर्षांत एकोणीस शब्द. त्यानं ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले होते. एकाहत्तर पानं झाली होती. आणि एकाहत्तरावं पान संपत होतं ते असं : 'नंतर यांची बदली झाली आणि आम्ही फुलेऱ्याला आलो.'

त्या ओळीवर जनार्दन पंधराऐवजी पन्नास दिवस थांबला होता. प्रभावती डाव्या हातानं टेबलावर टिचक्या मारायची, पुढे, पुढे. हा म्हणायचा, "अगं, पक्कं होऊ दे आधी." पक्कं कधीच झालं होतं.

मूळ वही कुठं गेली म्हणाल, तर ऐका. दोन हजार पाचच्या दिवाळीआधी साफसफाई काढली आणि पेटीच्या तळाशी वाळवी. मानसरोवरात तळमजल्याला वाळवी म्हणजे दुसरा भाडेकरूच. रजिस्टरची पाठ खाल्लेली, खालचा कोपरा भुगा. संकल्प, म्हणजे लेक, तेव्हा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "पप्पा, मतलब, आता हे हातात धरून वाचता येणारच नाही. आपण कॉम्प्युटरमध्ये घालू." सी-स्कीम भागात एक दुकान होतं, जुन्या पोथ्या, वह्या यांचं ई-पुस्तक करून द्यायचं. पानापानाचा फोटो, आणि वाचायला त्यांचाच एक प्रोग्राम. काम चोख केलं त्यांनी. सीडी हातात आली, घरी पुस्तक उघडलं, अक्षर बघून प्रभावती रडली. मग राहिलं ते वाळवीचं रजिस्टर. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तिनं 'श्री' लिहिलेला. देवाचं नाव असलेला कागद रद्दीत कसा द्यायचा? पायाखाली येईल, भेळ बांधली जाईल त्यात. आपल्याकडे असला कागद पाण्यालाच देतात. जनार्दन बसनं पुष्करला गेला, घाटावर बसून शिवण उसवली, एकेक पान सोडलं. हात जोडले. किती बरं वाटलं होतं तेव्हा! काम रीतसर झालं, म्हणून वाटेत मालपुवा खाल्ला होता.

आणि आता, रणजीत गेल्यावर, त्याला ते पाणीच दिसायला लागलं. पुष्करचं तळं आटलंय, तळाचा गाळ ट्रॅक्टरनं काढताहेत असं पेपरात आलं होतं. त्या काळ्या गाळात कुठंतरी 'फुलेरा' लिहिलेला एक चिटोरा, ट्रॅक्टरमध्ये पडतोय, कुणाच्या तरी शेतात जाऊन पडतोय. हसू नका. दुपारी तीन वाजता तो खरंच चप्पल घालून बसस्टॉपपर्यंत गेला होता आणि घाम पुसत परत आला होता.

संध्याकाळी संकल्पला फोन लावला. "पप्पा, त्यांचा सर्व्हरच बंद झालाय. कॉम्प्युटर पुसून नव्यानं बसवला की पुस्तक आधी त्या सर्व्हरला विचारतं, उघडू का म्हणून. उत्तर द्यायलाच कुणी नाही." "सीडी आहे ना पण!" "सीडीवर तेच आहे ना, तेच कुलूप." "मग तोड कुलूप. इंजिनिअर ना तू?" "मी पुलांचा इंजिनिअर आहे, पप्पा." आणि संकल्प म्हणाला, अगदी सहज म्हणाला, "तेव्हाच सांगत होतो, उघडी प्रत घ्या. कुठंही उघडली असती, छापली असती. तुम्हीच हट्ट केला कुलपाचा. आईच्या वहीत असं काय सोनं होतं?"

जनार्दननं फोन ठेवला तो दोन हातांनी. खरं होतं. दुकानदारानं दोन प्रकार सांगितले होते. एक खुली प्रत, ज्याच्या हाती पडेल तो वाचेल. दुसरी कुलपाची, एकाच कॉम्प्युटरवर उघडणार, छापता येणार नाही, दुसऱ्याला देता येणार नाही. जनार्दनला ते पटकन समजलं होतं, इतकं की लेकाला आश्चर्य वाटलं. जन्म गेला होता त्याचा त्याच विद्येत. एकेरी लाइनवर ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा पडल्याशिवाय गाडी स्टेशन सोडत नाही. एक गोळा, एक गाडी, मधे दुसरं कुणी शिरू शकत नाही. "हेच द्या," तो म्हणाला होता, "कुलपाचंच." ज्या स्टेशननं गोळा द्यायचा ते स्टेशनच एक दिवस उठून जाईल, हे त्याला सुचायला हवं होतं. त्याच्या डोळ्यांदेखत मीटरगेजचे रूळ उखडले होते. चांगली धडधाकट इंजिनं शेडमागे बोरीबाभळीत उभी राहिली होती. इंजिनात काही बिघाड नव्हता हो. फक्त त्यांच्या चाकांना बसेल असा रूळ कुठं उरला नव्हता. त्यानं स्वतः त्यातल्या एकाला रंग दिला होता, शोभेला ठेवायचं म्हणून. तरी सुचलं नाही. कारण तेव्हा डोक्यात गाडी नव्हतीच, भीती होती. सून वाचेल. संकल्प वाचेल. फुलेऱ्याचं पान.

काय होतं फुलेऱ्याच्या पानात? ते जनार्दनला ठाऊक नव्हतं, आणि भीती तीच होती. त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की एक्क्याऐंशी साली जयपूरजवळच्या त्या फुलेऱ्यात एका प्राथमिक शाळेत लहान वर्गाला बाई हव्या होत्या. प्रभावतीनं अर्ज केला, पातळ इस्त्री करून मुलाखतीला गेली, हिंदी बुऱ्हाणपूरची स्वच्छ. परत आली ती अंगणात गाणं गुणगुणत. पंधरा दिवसांनी पोस्टमन सिग्नल केबिनशी भेटला आणि म्हणाला, "बाबूजी, घर की चिट्ठी यहीं ले लो." लांब पाकीट. जनार्दननं ते फोडलं, बोट ठेवून वाचलं. नेमणूक. पुढच्या सोमवारी हजर व्हा. शेजारी रूळ बदलणारे दोन पॉइंट्समन बिडी ओढत होते, एक म्हणाला, "क्या है, फिटर साहब?" आणि ह्याला एकदम दिसलं की ही उद्यापासून मास्तरीण होणार, कॉलनी तिला मास्टरनीजी म्हणणार, आणि पगाराच्या कागदावर सही करताना हा कसा जीभ बाहेर काढून अक्षर काढतो ते ती बघणार. "कुछ नहीं," तो म्हणाला, आणि पाकीट शेजारच्या अंगिठीच्या कोळशात घातलं. कागद जाडा होता, लवकर पेटेना, काडीनं खालीवर करावा लागला. त्यानंतर तीन महिने प्रभावती रोज अकराच्या सुमाराला दारात यायची. पोस्टमन जायचा पुढे. एक दिवस ती यायची थांबली. त्याच महिन्यात जनार्दननं स्टोअरमधून कोरं रजिस्टर आणून तिच्यापुढे ठेवलं. "लिहीत जा काहीतरी. हात चांगला आहे तुझा." तिनं रजिस्टर उलटंसुलटं केलं, त्याच्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि आत ठेवून दिलं.

ते बघणं! अठ्ठावीस वर्षं तो त्या बघण्याचा अर्थ लावत होता. तिला कळलं होतं? पोस्टमननं सांगितलं असेल? शाळेतून कुणी विचारलं असेल, बाई, आला नाहीत का? कळलं असेल तर बाहत्तराव्या पानावर असणारच, आणि त्याला ते मोठ्यानं वाचावं लागणार, तिच्या शेजारी बसून, बोट ठेवून. नसेल कळलं तर पानावर नुसतं असेल, 'मी वाट पाहिली, पत्र आलं नाही.' ते वाचणं तर आणखी वाईट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून ती चौकट आली तेव्हा आतून कुणीतरी म्हणालं, बरं झालं. आणि आता त्याला भीती वाटत होती ती चौकटीची नव्हती, तर ते म्हणणाऱ्याची. हा कोण बसलाय माझ्यात? जो बायकोची वाचा बंद झाली तरी म्हणतो, बरं झालं?

दुसऱ्या दिवशी तो सी-स्कीमला गेला. दुकानाच्या जागी चष्म्यांचं दुकान होतं, थंडगार, काचेचं. आतल्या पोरीनं खुर्ची दिली, "अंकल, नंबर चेक कराना है?" त्यानं किताबवाल्याचं विचारलं. तिला माहीत नव्हतं. शेजारच्या बँकेचा पहारेकरी म्हणाला, गेले ते, दीड वर्ष झालं, कुठं गेले कुणास ठाऊक, सामान टेम्पोत घातलं आणि गेले. जनार्दन काचेत स्वतःकडे बघत उभा राहिला. सगळीकडे चष्मे, आणि मधे त्याचं तोंड.

पहिले तीन दिवस त्यानं जुनी पानं तोंडपाठ म्हटली. प्रभावती पडद्याकडे बघायची. पडद्यावर आता कसलंसं डोंगराचं चित्र होतं. "अक्षर बिघडलंय, दुरुस्त होतंय," तो म्हणाला. "हो ना," ती म्हणाली, आणि तो हो ना त्याला आवडला नाही. चौथ्या दिवशी तो बुऱ्हाणपूरच्या ओळीत थांबला, 'आणि मग आली माझी—', आणि वाट बघत राहिला. तिचे ओठ मिटले, उघडले. मावशी आली नाही. तिनं परत प्रयत्न केला, कपाळावर शीर उठली. नाही आली. घाबरून तिनं त्याचा सदरा धरला. आतापर्यंत तो एकटाच घाबरला होता, आता घरात दोन माणसं घाबरली. त्यानं उठून कॅलेंडरच्या मागची यादी पाहिली. एकोणीस शब्द. वाळवी कुठून सुरू होते कळत नाही. कळतं तेव्हा आत पोकळ झालेलं असतं. जयंती मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "नवीन पान सुरू करा काका. जुन्यावर थांबलात की ती मागे जाईल."

पाचव्या दिवशी सहा वाजता त्यानं तिची खुर्ची आणली. डोंगराच्या चित्राकडे तोंड करून बसला, बोट पडद्यावर ठेवलं, जसं अक्षर असतंच तिथं. आणि वाचायला लागला. "फुलेरा जंक्शन फार मोठं. आम्हाला क्वार्टर मिळालं ते यार्डाच्या बाजूचं. दिवसभर शंटिंग. कपडे वाळत घातले की काळे व्हायचे." हे तिनं लिहिलं असेल, ती असंच लिहायची. प्रभावती कान देऊन ऐकत होती. त्याला धीर आला. "शेजारी चांगले होते. मीठ-मिरची मागायला यायचे. यांचं काम वाढलं. मला फुलेऱ्यात काही कमी पडलं नाही. मी सुखात होते."

"नाही."

जनार्दनचं बोट पडद्यावरच राहिलं. चार वर्षांत त्या घरात हा शब्द झाला नव्हता. यादीत नव्हता. कुठल्याच पानावर त्यानं तिच्यासाठी तिथं जागा सोडली नव्हती. त्यानं वळून पाहिलं. तिचा चेहरा लाल, डावा हात टेबलाच्या कडेला घट्ट. "काय म्हणालीस?" "नाही." स्वच्छ, मुलाखतीला जाणाऱ्या बाईचं. आनंदानं ओरडायला हवं होतं, संकल्पला फोन करायला हवा होता, आणि हा बघत होता दाराकडे. आता पळायला जागा नव्हती. दार उघडंच होतं म्हणा, स्कूटर बाहेर होती. पण समजा गेला असता, तरी तो आतला बरोबरच आला असता, बरं झालं म्हणणारा.

त्यानं कॉम्प्युटर बंद केला. खुर्ची वळवून तिच्याकडे तोंड केलं. आणि त्यानं सांगितलं. वाचून सांगायची सवय, त्यामुळे बोट कुठं ठेवावं कळेना, ते त्यानं स्वतःच्या गुडघ्यावर ठेवलं आणि तिथंच सरकवत राहिला. पोस्टमन. लांब पाकीट. पुढचा सोमवार. अंगिठी. "कागद जाड होता प्रभा, मी काडीनं उलटला. एकदा वाटलं, अर्धा राहिलाय, काढावा. नाही काढला." दोन पॉइंट्समन काय म्हणाले तेही सांगितलं. सही करताना जीभ बाहेर येते तेही. रजिस्टर का आणलं ते. कुलूप का घेतलं ते. आणि शेवटी, सगळ्यात हळू, चौकट आली तेव्हा मनात काय आलं ते. सांगून झालं तेव्हा त्याचा सदरा भिजून पाठीला चिकटला होता.

प्रभावती रडली नाही. ओरडली नाही. डाव्या हातानं तिनं आपला उजवा हात उचलला आणि टेबलावर ठेवला, नीट, जसा लिहायला ठेवतात. मग तोंड उघडलं. "मी..." म्हणाली. पुष्कळ वेळ गेला. "मी... ते..." आणि थांबली. ओठ जुळत होते, सुटत होते. पुढे येणारा शब्द जनार्दनला दिसत होता, निदान तीन दिसत होते. तिन्ही तिन्हीकडचे. एक शब्द आला असता तर अठ्ठावीस वर्षं तिला माहीत होतं असं झालं असतं, दुसरा आला तर माफ केलं असं, तिसरा तो मनातसुद्धा म्हणायला धजत नव्हता. जयंती मॅडमनी शिकवलं होतं, अडली की पहिलं अक्षर द्यायचं. त्यानं तोंड उघडलं. दिलं असतं तर ती त्याच्याच अक्षरामागे गेली असती, बिचारी, जे दिलं ते घेतलं असतं. आणि ते पानही मग त्याचंच झालं असतं. त्यानं तोंड मिटलं. दात दातांवर दाबले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पत्राच्या मधे तो आला नाही. घड्याळात सव्वासात झाले, साडेसात झाले. तिला घाम फुटला. ती थांबली, मान हलवली, उद्या, अशी खूण केली.

तो उद्या अजून चालू आहे. रोज सहा वाजता ती बसते, हात टेबलावर ठेवते. मी. ते. मधे एकदा 'तेव्हा' आलं. मावशीही परत आली म्हणतात. जनार्दन समोर बसलेला असतो, शिक्षा ऐकायला उभा केल्यासारखा, आणि कुठंही जात नाही.

तुम्ही जयपूरला निघालात म्हणून एवढं सांगितलं. त्यांच्याकडे जाल तेव्हा ती तुम्हाला बसा म्हणेल, हातानं, आणि मग तुमच्याकडे बघून काहीतरी म्हणायला लागेल. अडेल. फार वेळ अडेल, तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, शब्द तुमच्या जिभेवर येईल. तेवढं माझं ऐका, तो तिला देऊ नका. चहा गार झाला तर होऊ द्या.